हुंकाराची परवानगी

चिक्कडपल्ली, हैदराबाद
६ ऑगस्ट २०२४

रामचंद्रकाकांना,
मेघनाचा वाकून नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मेसेजला तुम्ही पत्र मानत नाही, म्हणून हा कागद. टाइप केलाय, कारण माझं हस्ताक्षर दिसलं की तुम्ही मजकूर सोडून वेलांट्या तपासत बसता.

बातमी अशी की खेळ पुरा झाला. ज्याच्यासाठी मी नोकरी सोडली आणि ज्याच्यामुळे बाबा शेजाऱ्यांना अजून 'मेघना सध्या घरूनच काम करते' असं सांगतात, तोच. उषाकाकूच्या गोष्टींचा. नाव ठेवलंय 'बकरी कोर्टात गेली'. तुम्ही कोर्टातून घरी येऊन किस्से सांगायचात आणि दुसऱ्या दिवशी काकू त्यांचं आम्हा पोरांसाठी काय करायची, ते तुम्हाला माहीतच आहे. पुरावा खाऊन टाकणारी बकरी, अफझलगंजच्या अत्तरवाल्याची उलटतपासणी, सगळं आहे त्यात. पडद्यावर चित्रं सरकतात, काकू गोष्ट सांगते, आणि ती थांबेल तिथं खेळणाऱ्यानं बटण दाबून हुंकार द्यायचा. नाही दिला तर गोष्ट तिथंच राहते. काकूचा नियमच होता तो.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात नारायणगुड्याच्या तुमच्या घरी मी माइक घेऊन बसले होते ना, तेच रेकॉर्डिंग वापरलंय. तेव्हा मला वाटलं होतं की घाई नाही, अजून पुष्कळ गोष्टी घेऊ. पुढच्या फेब्रुवारीत काकू गेली.

आता कागदपत्रांचं काम उरलंय. खेळ माझा असला तरी त्याच्या पोटातलं यंत्र माझं नाही. चित्र हलवणं, आवाज वाजवणं, बोट कुठं लागलं ते ओळखणं, हे सगळं करणारं तयार यंत्र परवान्यावर मिळतं. त्याला इंजिन म्हणतात. गिरणी त्यांची, दाणे आपले, असं समजा. खेळ बाहेर पाठवायचा तर त्यांच्या अटी पाळायच्या. शिवाय ज्या ऑनलाइन दुकानातून तो लोकांकडे जाणार, त्या दुकानाला यादी हवी: चित्रं कोणाची, संगीत कोणाचं, आवाज कोणाचे, आणि प्रत्येकाची सहीनिशी परवानगी. काकूच्या वतीनं सही तुमची लागेल. दुकानानं १५ नोव्हेंबर ही तारीख दिलीय. कागद २० ऑक्टोबरपर्यंत हवेत.

मित्र म्हणतात, एवढी कटकट कशाला, दुसऱ्या कोणाकडून बोलून घे. मी नाही घेणार. काकूचा आवाज नसेल तर हा खेळ नाही. तुमची सही आली नाही तर तो माझ्या कॉम्प्युटरमध्येच राहील. पण तुम्ही सही कराल हे मला माहीत आहे.

तुमची,
मेघना

*

नांदेड
१७ ऑगस्ट २०२४

चि. मेघना,
खूप आशीर्वाद.

पत्र टाइप करून तू वाचलीस असं समजू नकोस. तीन वेलांट्या आणि एक अनुस्वार, पत्रासोबत परत पाठवत आहे.

खेळ पुरा झाला हे वाचून बरं वाटलं. उषाला फार आनंद झाला असता, आणि तिनं तो लपवायला 'डोळे फोडून घेतलेस ना पोरी' असं काहीतरी म्हटलं असतं. तुझ्या बाबाला सांग, कोर्टात नोकरी लागली तेव्हा माझे वडीलही शेजाऱ्यांना सांगायचे की रामचंद्र तात्पुरता लागलाय. चौतीस वर्षं तात्पुरता होतो.

सहीचं म्हणशील तर, त्या चौतीस वर्षांच्या शिरस्तेदारीत न वाचलेल्या कागदावर मी सही केली नाही. आताही करणार नाही. तुझा अर्ज पाठव. यादी पाठव. त्या इंजिनवाल्यांचा करारही पाठव, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. सारांश नको. सारांशात नेमकं तेच राहून जातं ज्यावर पुढं दावा होतो.

इथं लेकाकडे माझं उत्तम चाललंय. मिलिंदनं वेगळी खोली दिली आहे, मेधा वेळेवर जेवायला वाढते आणि औषधांवरून माझ्याशी भांडते. नांदेडला नावं ठेवायला जागा नाही. फक्त रिक्षावाला 'किधर कू जाना चाचा' असं विचारत नाही, त्यामुळे बाहेर पडायचं फारसं होत नाही.

तुझा,
रामचंद्रकाका

*

चिक्कडपल्ली
२६ ऑगस्ट २०२४

काका,
नमस्कार.

वेलांट्या पोचल्या. दुरुस्त केल्या.

माझी मैत्रीण त्रिवेणी माहेरी नांदेडला येतेय. तिच्याबरोबर कराराची छापील प्रत पाठवतेय. एक्केचाळीस पानं आहेत. बारीक इंग्रजी आहे, भिंग जवळ ठेवा. सोबत परवानगीचा अर्ज, यादी आणि एक पेनड्राइव्ह आहे. मेधावहिनींना सांगा, त्यातला खेळ तुमच्या फोनवर टाकून देतील. आधी खेळा, मग वाचा. तुम्ही उलटं कराल ही खात्री आहे.

खरं सांगू? जगात कोणीही हा खेळ पाहण्याआधी तुम्ही पाहावा असं मला वाटतंय. आवाज फार मेहनतीनं साफ केलाय. पंख्याची घरघर, खालच्या गल्लीतल्या भाजीवाल्याच्या हाका, सगळं काढून टाकलं. आता फक्त काकू आहे. अगदी कानाशी बसून बोलतेय असं वाटतं. आवाज मोठा करून ऐका आणि कसा वाटला ते लिहा.

मेघना

*

नांदेड
९ सप्टेंबर २०२४

चि. मेघना,
आशीर्वाद.

करार वाचला. तीन दिवस लागले. पुष्कळ दिवसांनी असं वाचायला मिळालं, त्याबद्दल तुझे आभार मानले पाहिजेत. लिहिणारा माणूस हुशार आहे, पण एका वाक्यात चार 'तथापि' घालतो.

कलम सहाप्रमाणे खेळ सुरू होताना त्यांच्या नावाची पाटी दिसली पाहिजे. तू ती अर्धा सेकंद दाखवतेस असं मेधा म्हणते. ज्याची गिरणी आहे त्याची पाटी नीट वाचता येईल इतका वेळ ठेव. कलम अकराप्रमाणे त्यांनी ज्यांच्याकडून तुकडे उसने घेतले आहेत, त्या सगळ्यांचे परवाने खेळात कुठेतरी जसेच्या तसे छापायचे आहेत. ते मला तुझ्या कागदांत दिसले नाहीत. आणि खेळाचं नाव तू ज्या वळणदार अक्षरांत लिहिलंस, ती अक्षरं कोणाची? त्यांचाही परवाना असणार.

आता कलम नऊ. चालता खेळ कोणालाही द्यावा, पण तो बनवायची हत्यारं देऊ नयेत. मेधा सांगते की तुझ्या पेनड्राइव्हमध्ये खेळाबरोबर तुझं सगळं दुकानच आलं आहे. इंजिनाची हत्यारं, तुझ्या कामाची वही, कच्ची रेकॉर्डिंगं, सगळं. म्हणजे वितरणाची पहिलीच प्रत कराराचा भंग करून काकाकडे आली. मी फिर्याद करणार नाही, पण पुढच्या वेळी पाठवण्याआधी पिशवी उघडून बघत जा.

खेळ पाहिला. उषाचा आवाज छान, खणखणीत आला आहे.

एक शेवटचं. आवाजांच्या यादीत एकच नाव आहे. यादी पुरी आहे का, ते जरा शांतपणे बसून पाहा. अपुऱ्या यादीवर मी सही करत नाही.

रामचंद्रकाका

*

चिक्कडपल्ली
१८ सप्टेंबर २०२४

काका,
नमस्कार, आणि कान पकडते.

मी खेळाचं फोल्डर पाठवायच्या ऐवजी कामाचं आख्खं फोल्डर पाठवलं. दोन्हींना एकच नाव दिलं होतं, ही अक्कल. मेधावहिनींना सांगा, खेळ ठेवून बाकीचं पुसून टाका, प्लीज. पाटी आता तीन सेकंद थांबते. उसन्या तुकड्यांचे परवाने शेवटच्या पानात टाकले. अक्षरं बनवणाऱ्या बाईंना लिहिलं, त्यांनी आनंदानं होकार कळवला. तुम्ही नसतात तर दुकानानं खेळ परत पाठवला असता.

यादीचंही तुमचं बरोबर होतं. तुम्ही कसं पकडलंत कोण जाणे. बटण दाबल्यावर हुंकार म्हणून तबल्याची थाप वाजते ना, ती माझ्या मित्रानं, ओंकारनं, वाजवलीय, आणि त्याचं नाव यादीत राहूनच गेलं होतं. आता घातलं. नवी यादी सोबत आहे. आता ती पुरी आहे, मी दोनदा तपासली.

अर्जावर खाली उजवीकडे सही करा. वीस ऑक्टोबरच्या आत पोचेल असं बघा.

मेघना

*

नांदेड
३० सप्टेंबर २०२४

चि. मेघना,
आशीर्वाद.

यादी पाहिली.

कराराच्या कलम चौदामध्ये 'कायमचा आणि रद्द न होणारा हक्क' असे शब्द आहेत. अशा कागदाला जोडलेल्या परवानगीवर मी सही करू शकत नाही. उषाचा आवाज कोणाला कायमचा द्यावा असा अधिकार मला आहे, असं मला वाटत नाही. जे माझ्याकडे नाही ते मी कसं देऊ?

तू दुसरा आवाज घ्यावास. तुझे मित्र म्हणतात ते बरोबर आहे.

तब्येतीला जप.

रामचंद्रकाका

*

चिक्कडपल्ली
७ ऑक्टोबर २०२४

काका,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. मग कलम चौदा वाचलं. ते काकूबद्दल नाहीच. आपण इंजिनवाल्यांना काही सुधारणा सुचवल्या, तर त्या सूचना वापरायचा कायमचा हक्क त्यांना राहील, एवढंच आहे तिथं. खेळातले आवाज, चित्रं, गोष्टी आपल्याच राहतात. ते कलम चारमध्ये स्पष्ट लिहिलंय आणि तुम्ही तिथं पेन्सिलीनं बरोबरची खूण केलीय. तुमचीच प्रत त्रिवेणीनं परत आणून दिली, तिच्यावर पाहिली मी ती खूण.

चार 'तथापि' मोजणारा माणूस कलम चौदा चुकीचं वाचेल यावर माझा विश्वास नाही. तुम्ही कागदाआड लपताय. मला वाटतं, काकूचा आवाज तुम्हाला एकट्यालाच हवाय. तुमच्या फोनमध्ये आता तो आहे, तुम्ही रोज ऐकत असाल, आणि बाकी कोणी ऐकावा असं तुम्हाला वाटत नाही. मला पण ती हवी होती, काका. शाळा सुटल्यावर रोज तिच्या ओट्यावर बसून मी मोठी झाले. दोन वर्षं मी दुसरं काही केलं नाही. निदान खरं कारण तरी सांगायचं होतं.

दुसरा आवाज मी घेणार नाही, हे पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. वीस तारखेला मी दुकानाला नाही म्हणून कळवेन.

मेघना

*

नांदेड
१२ ऑक्टोबर २०२४

प्रिय मेघना,

मी मेधा. तुझं पत्र बाबांनी वाचलं आणि घडी करून चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. मी ते न विचारता वाचलं, आणि आता न विचारता हे लिहितेय, तेव्हा दोन गुन्हे माझ्याकडे आहेतच.

बाबांना ऐकू येत नाही. 'कमी' नाही, अजिबात नाही. मार्चपासून. डॉक्टर म्हणाले, कानात यंत्र घालूनही आता उपयोग नाही. हैदराबादला कोणाला कळवायचं नाही असं त्यांनी आमच्याकडून वचन घेतलं. लोक दया दाखवत मोठ्यानं बोलतात, ते त्यांना नको होतं. घरात आम्ही पाटीवर लिहून बोलतो.

तुझा खेळ मी फोनवर टाकून दिला, त्या संध्याकाळचं सांगते. तू लिहिलं होतंस ना, आवाज मोठा करून ऐका. त्यांनी फोन उजव्या कानाला लावला, मग डाव्या. मग गालाला, मग कपाळाला. पडद्यावर नुसती चित्रं, शब्द कुठंच नाहीत. ती कधी थांबतेय ते त्यांना कळेना, त्यामुळे बटण चुकीच्या वेळी दाबलं जायचं आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. तासभर चाललं ते. मग 'छान झालाय' म्हणाले आणि जेवायला बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

आता दुसरं. तू बाकीचं फोल्डर पुसायला सांगितलंस. पुसण्याआधी मी कच्चं रेकॉर्डिंग सहज लावलं. मला आईंची एखादी गोष्ट ऐकायची होती. मेघना, त्यात बाबा आहेत. प्रत्येक वाक्यानंतर 'हूं'. कुठं 'मग?' कुठं नुसताच हसल्याचा आवाज. तुझ्या खेळात यातलं काहीही नाही, तिथं तबला आहे. मी पाटीवर लिहिलं, 'जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तुमचा हुंकार आहे.' त्यांनी मान हलवली. मला म्हणाले, 'माहीत आहे. यादीत नाहीये.' ती पाटी दोन दिवस त्यांनी पुसू दिली नाही.

तुझ्या कामाच्या वहीत त्या रेकॉर्डिंगपुढं एक ओळ आहे: 'मागून येणारा आवाज, काढून टाकला.' ती मी त्यांना दाखवलेली नाही. फोल्डर मात्र सांगितल्याप्रमाणे पुसलं.

तुला दोष देत नाही. तुला कोणी सांगितलंच नव्हतं. पण तू त्यांना लिहिलंस की तुम्ही रोज ऐकत असाल. म्हणून हे सांगावं लागलं.

तुझी,
मेधावहिनी

*

चिक्कडपल्ली
२१ ऑक्टोबर २०२४

काका,

हे हातानं लिहितेय. वेलांट्या चुकतील, तपासा.

मेधावहिनींवर रागावू नका. त्यांनी सांगितलं नसतं तर मी जन्मभर तुमच्यावर रुसून राहिले असते, आणि ते चुकीच्या माणसावर रुसणं झालं असतं.

मी कच्चं रेकॉर्डिंग काढून बसले. पहिल्याच मिनिटात मी आहे. मी काकूला सांगतेय की माइक चालू आहे, तेव्हा मी नुसती मान हलवेन, तू थांबू नकोस. आणि काकू म्हणतेय, 'नुसती मान नक्को हलवू बाई. ऐकतेस म्हणून मला कळायला पायजे की नाही? अहो, पेपर ठेवा अन् इकडं या. हिला माइकची भीती वाटतेय, तुम्ही हूं म्हणा.' मग खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. हे सगळं माझ्यासमोर घडलं होतं, काका. मीच ते काढून टाकलं आणि विसरून गेले. पंख्याची घरघर, भाजीवाला आणि तुम्ही, एकाच दुपारी काढून टाकलं मी. वहीत तशी ओळसुद्धा लिहिली, आणि तीच वही तुमच्या घरी पाठवली. हे लिहिताना मला लाज वाटतेय.

तुम्ही मला विचारलं होतंत, यादी पुरी आहे का. मी ओंकारचं नाव घालून तुम्हाला शाबासकी दिली.

आता काय केलं ते सांगते. वीस तारखेला दुकानाला नाही म्हटलं नाही, मुदत मागितली. त्यांनी २० डिसेंबर दिली. ओंकारला तबला परत केला. तो हसला आणि म्हणाला, मला आधीच वाटत होतं की गोष्टीत तबला कशाला. बटणावर आता तुमचा हूं आहे. रेकॉर्डिंगमध्ये एकशे बारा सापडले, आणि कुठलेही दोन हूं सारखे नाहीत. अत्तरवाल्याच्या उलटतपासणीला तुमच्या हूंमध्ये संशय आहे. बकरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहते तिथं तुम्ही हसू दाबताय आणि ते तुम्हाला जमत नाहीये. काकू तिथं मुद्दाम जास्त थांबते. मला तेव्हा वाटलं होतं की तिला दम लागलाय, म्हणून ती जागा मी कापून छोटी केली होती. ती तुमच्यासाठी थांबायची. सगळ्या जागा पुन्हा होत्या तेवढ्या केल्या.

एका ठिकाणी तुम्ही हुंकार द्यायचं विसरलात. काकू वाट पाहते आणि म्हणते, 'अहो, झोपलात काय?' खेळणाऱ्यानं उशीर केला की ते वाक्य मी वाजवत होते, पण त्यातलं 'अहो' कापून. आता तेही परत आहे. जपानमध्ये बसून कोणी बटण दाबायला उशीर केला, तरी काकू तुम्हालाच हाक मारणार.

आणि दोन गोष्टी नव्या. काकूचं प्रत्येक वाक्य आता पडद्यावर लिहून येतं, ती जशी बोलायची तशीच, 'नक्को' आणि 'पायजे'सकट. आणि ती थांबली की फोन हातात हलकासा थरथरतो. कानाची गरज नाही. हे तुमच्यासाठी केलं, पण दुकानवाल्यांनी कळवलंय की ऐकू न येणाऱ्या पुष्कळ लोकांना आता हा खेळ खेळता येईल. हे मला आधी सुचायला हवं होतं.

त्रिवेणी पुन्हा येतेय. सोबत फक्त खेळ आहे. पिशवी उघडून पाहिलीय, कलम नऊ शाबूत. दोन अर्ज आहेत. एक काकूच्या वतीनं, आणि एक तुमचा स्वतःचा, कारण तुमचा आवाज तुमच्या परवानगीशिवाय मला वापरता येत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर तेही मी ऐकेन, आणि या वेळी कारण विचारणार नाही.

तुमचीच,
मेघना

*

नांदेड
११ नोव्हेंबर २०२४

चि. मेघना,
अनेक अनेक आशीर्वाद.

वेलांट्या सगळ्या बरोबर आहेत. एके ठिकाणी शाईवर पाणी पडलेलं दिसलं, ती चूक धरली नाही.

आधी माझा कबुलीजबाब. कलम चौदा मी नीट वाचलं होतं. तुला जे लिहिलं ते खोटं होतं. चौतीस वर्षं लोकांना कागदाआड लपताना पाहिलं आणि म्हातारपणी स्वतः तेच केलं. तू पकडलंस हे चांगलं झालं. शिरस्तेदाराच्या पुतणीला तेवढं यायलाच हवं.

खरं कारण लिहायला मला लाज वाटत होती. खेळ जगभर जाणार, उषाला सगळे ऐकणार, आणि मी तेवढा ऐकणार नाही, याचं मला वाईट वाटलं. ते मी गिळलं असतं. पण यादी पाहिली आणि वाटलं, बेचाळीस वर्षं ती बोलली आणि मी हूं म्हटलं. आमचा संसार बाहेरून पाहिला तर एवढाच होता. त्यातलं तिचं बोलणं राहिलं आणि माझं हूं गेलं, तर मी होतो कुठं? एवढ्या वयाच्या माणसानं असं म्हणावं का, ठाऊक नाही. पण म्हटलं.

वहीतल्या ओळीचं वाईट वाटून घेऊ नकोस. हुंकार देणारा मागेच बसतो. त्याचं काम तेच आहे. मेधावर मी रागावलो नाही. पाटीवर 'आभारी आहे' लिहिलं, तर तिनं खाली 'औषध घेतलं का' असं लिहिलं.

दोन्ही अर्ज सही करून पाठवत आहे. माझ्या अर्जावर एक दुरुस्ती केली आहे, बाजूला छोटी सही आहे ती त्या दुरुस्तीचीच. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात तू 'आवाज' असं लिहिलं होतंस. ते खोडून 'हुंकार' लिहिलं. कागदावर खरं ते असावं.

खेळ आता मला येतो. रोज दुपारी जेवण झालं की फोन तळहातावर घेऊन बसतो. इंजिनवाल्यांची पाटी येते, ती मी पूर्ण वाचतो. मग उषा सुरू होते. अक्षरं वाचत जातो, आणि ती थांबली की हाताला कळतं. पहिल्या दिवशी मी तोंडानंच हूं म्हटलं आणि बटण दाबायचं विसरलो. मेधानं पाटीवर लिहिलं, 'बाबा, गोष्ट अडलीय, बटण दाबा.'

आता विसरत नाही, पण बकरी पिंजऱ्यात आली की मुद्दाम दाबत नाही. थांबून राहतो. थोड्या वेळानं पडद्यावर अक्षरं येतात, 'अहो, झोपलात काय?'

ती वाचतो. मग बटण दाबतो.

तुझा,
रामचंद्रकाका